स्ट्रेच टायर लावायचेत? आधी रिमच्या पाठीमागचा आकडा वाचा

स्ट्रेच म्हणजे रुंद रिमवर तिच्यापेक्षा अरुंद टायर ताणून बसवणं. सांगायला लाज वाटते पण सांगतो. माझी स्विफ्ट, १५ इंची ८जे (म्हणजे ८ इंच रुंद) डीप डिश अलॉय, त्यावर ताणून बसवलेले १९५/५० आर१५ टायर, गाडी लो केलेली, पार्किंगमध्ये उभी असली की येणारा-जाणारा वळून बघायचा. मागच्या पावसाळ्यात साताऱ्याला निघालो होतो, खेड शिवापूर सोडलं, पाऊस भुरभुर चालू, पुढच्या ट्रकच्या आडून एक खड्डा आला, फार मोठा नाही, साध्या टायरवर असतो तर शिवी घालून विसरून गेलो असतो असा. डावं पुढचं चाक त्यात गेलं, ठण्णकन धातूचा आवाज आला आणि दोन सेकंदात स्टिअरिंग डावीकडं ओढायला लागलं. स्पीड साठच्या आसपास होता म्हणून वाचलो. उतरून बघतो तर टायर फुटलाच नव्हता, नुसता रिमवरून सुटून आत घुसला होता, रबराला साधा ओरखडा नाही.

पंक्चरवाला आला, त्याने चाक बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाला, "दादा, हे माझ्याकडं बसायचं नाही. ह्याला काय करून बसवलंय त्यांनी?" तेव्हा कळलं की जे चाक रस्त्याच्या कडेला दुरुस्त होत नाही ते चाक घेऊन आपण हायवेवर हिंडतोय.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. लूक मला अजूनही आवडतो, खोटं कशाला बोलू. पण स्ट्रेच चांगला का वाईट, यावर गाड्या मॉडिफाय करणाऱ्यांच्या ग्रुपवर जी भांडणं होतात त्यात कुणी आकडा सांगतच नाही, आणि सगळा खेळ आकड्याचाच आहे.

म्हणजे नक्की काय ताणतो आपण

टायरवर १९५/५० आर१५ लिहिलेलं असतं त्यातले १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ५० म्हणजे साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ५० टक्के, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं की ही १९५ रुंदी एका ठरावीक रिमवर बसवून मोजलेली असते, या टायरसाठी ती ६ इंची आहे. रिम अर्धा इंच रुंद केली की टायर साधारण ५ मिलिमीटरने फुगतो, आणि प्रत्येक टायरला रिमची एक रेंज ठरवून दिलेली असते, अमुक इंचापासून तमुक इंचापर्यंत. युरोपात ही रेंज ईटीआरटीओ नावाची टायर-रिमची संस्था ठरवते, आपल्याकडे इटॅक नावाची टायर उद्योगाची तांत्रिक समिती तिचं मॅन्युअल काढते, आणि टायर कंपन्यांच्या साइटवर किंवा कॅटलॉगमध्ये ती छापलेली असते. १९५/५० आर१५ ला ५.५ ते ७ इंच. १९५/५५ आर१६ लाही ५.५ ते ७. १८५/६५ आर१५ ला ५ ते ६.५. २०५/५५ आर१६ ला ५.५ ते ७.५. २२५/४५ आर१७ ला ७ ते ८.५.

आता माझं गणित बघा. टायरची वरची मर्यादा ७, माझी रिम ८. त्यात अजून एक गंमत, ८जे म्हणजे रिमच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतचं माप, बाहेरून मोजलं तर दोन्ही बाजूंची जाडी धरून साधारण इंचभर जास्त भरते. म्हणजे रिम बाहेरून बाहेर २२८ मिलिमीटरच्या आसपास, आणि टायर ताणून फुगून फुगून २१५. दोन्ही बाजूंनी रिमची कड टायरच्या बाहेर. खड्ड्याला आधी काय भेटणार, रबर का अ‍ॅल्युमिनियम? माझ्या केसमध्ये अ‍ॅल्युमिनियम भेटलं.

मर्यादेच्या आत राहूनही थोडा ताण दिसतो, म्हणजे १९५ चा टायर ७जे वर लावला तर साइडवॉल किंचित तिरपी दिसते, ते चालतं, कंपनीच म्हणते चालतं. मर्यादा ओलांडली की टायर कंपनी तुमच्यासोबत नाही, आणि ती नसली की कायदा, इन्शुरन्स, वॉरंटी कुणीच सोबत राहत नाही. हे एक वाक्य डोक्यात ठेवा, बाकी सगळं यातूनच निघतं.

ताणल्यावर बिघडतं काय

टायरच्या दोन्ही कडांना आत लोखंडी तारेची रिंग असते तिला बीड म्हणतात (बीड जिल्हा नव्हे). ट्यूबलेस टायरमध्ये बीड रिमला चिकटून राहतो तो फक्त हवेच्या दाबाने आणि तारेच्या घट्टपणाने, ना गोंद असतो ना बोल्ट. साध्या बसवणीत साइडवॉल जवळजवळ उभी असते, त्यामुळे आतली हवा बीडला सरळ बाहेर रिमच्या कडेवर दाबते. ताणलेल्या टायरमध्ये साइडवॉल छपरासारखी उतरती होते, ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) आत राहतो आणि बीड लांब बाहेर, म्हणजे रबर स्वतःच बीडला सतत आत खेचत असतं. हवा पूर्ण असेल तोपर्यंत दिसायला काही होत नाही. वळणावर बाजूचा जोर आला, किंवा हवा थोडी कमी झाली, किंवा खड्ड्याने रिमची कड वाकली, की बीड घसरतो आणि हवा फुस्स न होता एकदम जाते.

साध्या टायरला पंक्चर झालं तर तो सांगतो तुम्हाला, गाडी जड होते, स्टिअरिंग ओढतं, आपण हळूहळू पंपापर्यंत पोचतो. ताणलेल्या टायरला तेवढी सवलतच नसते. कमी हवेत तो लवकर सुटतो. आणि सुटला की सिगारेट लायटरला लावायचा तो छोटा कंप्रेसर आपण डिकीत घेऊन फिरतो ना, त्याने बीड परत बसत नाही, हवा आत जाते त्याच्या दुप्पट बाहेर येते. मी करून बघितलंय, पंधरा मिनिटं नुसता आवाज.

दुसरं म्हणजे टायरच्या साइडवॉलला खालच्या बाजूला बऱ्याचदा एक जाड कड दिलेली असते, रिमला फुटपाथचा ओरखडा लागू नये म्हणून. ताणल्यावर ती रिमच्या आतच जाते. त्यामुळे स्ट्रेचवाल्या गाड्यांच्या रिमच्या कडा बघा, दाते पडलेले असतात. तो ओरखडा फक्त दिसायला वाईट नाही, तिथूनच बारीक चीर सुरू होते आणि मग रोज दोन-तीन पीएसआय हवा कमी होते आणि आपण म्हणतो व्हॉल्व्ह खराब असेल.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, स्टिअरिंग तीक्ष्ण होतं. साइडवॉल लवचिक राहत नाही त्यामुळे गाडी वळवली की लगेच वळते, आणि पहिले दोन आठवडे आपल्याला वाटतं की वा, हँडलिंग सुधारलं. ते अर्धसत्य आहे. साइडवॉलचं काम फक्त वळणं नाही, खड्डे गिळणं पण आहे, आणि आपल्या रस्त्यांवर दुसरं काम जास्त असतं. जे टायरने गिळायचं ते मग शॉकअप, लोअर आर्म, बेअरिंग आणि तुमची कंबर गिळते.

कायदा काय म्हणतो

'स्ट्रेच' हा शब्द आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे कुणी म्हणतं हे लीगल आहे, कुणी म्हणतं इल्लीगल, आणि दोघंही छातीठोक. खरी गोष्ट अशी की तीन-चार वेगवेगळ्या तरतुदी मिळून तुम्हाला पकडतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीतली माहिती आणि कंपनीने मुळात दिलेलं स्पेसिफिकेशन यात फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच धरलं, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही. खासगी कारच्या आरसीवर टायरचा साइज नसतो, म्हणून काहीजण म्हणतात मग टायरला कलम ५२ लागूच होत नाही. वाद घालायला छान आहे हे. पण २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्याच्या चौथ्या पोटकलमात मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असं लिहिलंय. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द नीट वाचा, सस्पेन्शन वेगळं, चाकं वेगळी, सायलेन्सर वेगळा.

त्याच्या पुढे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ९४. टायरमध्ये हवा योग्य हवी, टायर सुस्थितीत हवा, कुठे फुगवटा किंवा आकार बिघडलेला नको, कापलेला आणि आतलं कापड दिसणारा नको, आणि कारच्या टायरचा ट्रेड किमान १.६ मिलिमीटर हवा. ताणलेला टायर निगेटिव्ह कॅम्बरसोबत, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवून, लावला की आतली कड आधी झिजते, बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून तारा निघालेल्या असतात, तिथे हा नियम थेट लागतो. आणि कलम १९०, गाडीत धोकादायक दोष आहे हे माहीत असून चालवली तर १५०० रुपयांपर्यंत दंड, आणि त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड. तुम्ही स्वतः पैसे मोजून टायर ताणून घेतलाय, मग 'मला माहीत नव्हतं' हे कुणाला पटणार?

टायरवर आयएसआय मार्कही बघा, कारच्या टायरसाठी आयएस १५६३३ हा नंबर असतो. स्ट्रेचसाठी सेकंडहँड बाहेरचे टायर आणले जातात त्यांच्यावर बऱ्याचदा तो नसतो.

प्रत्यक्षात रस्त्यावर काय होतं? चौकातला पोलीस रिमची रुंदी मोजत बसत नाही. तो काळी काच बघतो, फॅन्सी नंबर प्लेट बघतो, सायलेन्सर ऐकतो. चाकं मडगार्डच्या बाहेर आली असतील तर मात्र लांबूनच दिसतात आणि मग बाकीचं पण तपासलं जातं. समृद्धीवर टायरमुळे झालेल्या अपघातांनंतर आरटीओने टायर तपासणीच्या मोहिमा काढल्या होत्या, तिथे गाड्या १२० ने जातात, काँक्रीट तापलेलं असतं, आणि तासन् तास एकच स्पीड. ताणलेले टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे, दंड गेला खड्ड्यात. आणि १५ वर्षं झाल्यावर गाडी परत पासिंगला न्याल तेव्हा मूळ चाकं लागतीलच, त्यामुळे मूळ सेट विकू नका. मी विकला होता. परत जमवायला जेवढे गेले तेवढ्यात एक अलॉय आली असती.

इन्शुरन्सचं थोडक्यात. अलॉय नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून पॉलिसीत लिहून घेता येतात, थोडा प्रीमियम वाढतो, घ्या लिहून. पण रेंजच्या बाहेरचा टायर लिहून घ्यायला गेलात तर कंपनी काय म्हणेल ते तुम्हीच विचार करा, आणि न सांगता ठेवलात तर सर्व्हेअर क्लेमच्या वेळी फोटो काढतो तो चारही चाकांचा काढतो.

आपली पोरं बाहेर असतात त्यांच्यासाठी पण एक ओळ. जर्मनीत असाल तर चाकाचा असा बदल टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून कागदपत्रात नोंदवावा लागतो, आणि रेंजबाहेरच्या रिमसाठी टायर कंपनीचं लेखी पत्र मागतात, पत्र नाही तर नोंद नाही. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच, स्ट्रेच हा शब्द कायद्यात नाही पण १९८६ च्या नियमांत टायर ज्या वापरासाठी आहे त्याला योग्य हवा असं आहे, आणि तो योग्य नाही असं ठरवायला पोलिसाला फार कष्ट पडत नाहीत. ज्या जपानमधून ही फॅशन जगभर गेली, तिथे याला हिप्पारी टायर म्हणतात, म्हणजे ओढलेला टायर, तिथेही शाकेन म्हणजे गाडीच्या तपासणीच्या आधी बरीच मंडळी गपचूप साधी चाकं चढवतात.

आता करायचं काय, क्रमाने

ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर किंवा दाराच्या कडेला स्टिकर असतो, टायरचा साइज आणि हवेचा दाब. त्याचा फोटो काढा. पुढचं सगळं याच्याशी ताडून बघायचंय.

मग रिम काढून मागून वाचा. स्पोकच्या मागे कोरलेलं असतं, १५ गुणिले ८जे, ईटी २५ (ऑफसेट, पुढे येतोच), पीसीडी ४ गुणिले १०० (नटांची भोकं किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती), असं काहीतरी. दुकानदार सात सांगतो आणि रिमवर आठ असतं, हे मी दोनदा बघितलंय, एकदा स्वतःच्याच गाडीला. मुद्दाम फसवतो असं नाही, त्यालाही तोंडपाठ आकडे असतात ते कधी चुकतात. लोड रेटिंग आणि कंपनीचं नाव काहीच कोरलेलं नसेल तर ती रिम घेऊच नका, टायरचा प्रश्न नंतरचा.

तिसरं, टायरची रेंज. तुमचा साइज आणि कंपनी घ्या, कॅटलॉगमध्ये रिमची रुंदी बघा. आत आहे, पुढे जा. बाहेर आहे, इथेच थांबा, पुढचं वाचायची पण गरज नाही.

चौथं लोड इंडेक्स, आणि इथं लोक झोपतात. साइजनंतर ८२व्ही, ८८एच असं लिहिलेलं असतं त्यातला आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलतो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५. माझा मूळ टायर १८५/६५ आर१५, ८८ चा. ताणलेला १९५/५० आर१५, ८२ चा. एका चाकामागे ८५ किलो कमी, चार चाकांचे ३४०, आणि गणपतीला गावी जाताना गाडीत पाच माणसं, आईने दिलेलं तांदळाचं पोतं आणि वर डिकीत सबवूफर. आणि हा आकडासुद्धा टायर बरोबर रिमवर बसलेला असताना आणि पुरेशी हवा असतानाचा आहे. स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये जो इंडेक्स आहे त्याच्या खाली जायचं नाही. एक्सएल लिहिलेले टायर मिळतात, त्यांची साइडवॉल जास्त दाबासाठी बनवलेली असते, त्यात त्याच साइजला मोठा इंडेक्स मिळतो.

पाचवं, एकूण उंची. रिमचा इंच गुणिले २५.४, अधिक साइडवॉलची दुप्पट. १८५/६५ आर१५ चे होतात ६२१.५ मिलिमीटर. १९५/५० आर१५ चे ५७६. सव्वासात टक्क्यांच्या जरा वर फरक. म्हणजे काट्यावर १०० दिसतं तेव्हा गाडी खरी ९३ ने चाललेली असते, ओडोमीटर उगाच जास्त पळतो, गाडी विकताना आपलंच नुकसान, आणि स्प्रिंगला हात न लावता गाडी २३ मिलिमीटर खाली येते. तीन टक्क्यांच्या आत ठेवा, एबीएस आणि काटा दोन्ही खूश राहतात.

सहावं, ऑफसेट, म्हणजे रिम हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या मधल्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते, रिमवर ईटी लिहितात तेच, आणि तो कमी झाला की रिम बाहेर सरकते. स्ट्रेचची सगळी गरज इथूनच तयार होते, रिम बाहेर आली की टायर मडगार्डला घासतो, मग टायर ताणून बारीक करा म्हणजे घासणार नाही. समजा मूळ रिम ५.५जे ईटी ४५ आणि नवी ८जे ईटी २५. रुंदी अडीच इंचांनी वाढली, त्यातली निम्मी म्हणजे ३२ मिलिमीटर बाहेर आणि ३२ आत. ईटी २० ने कमी झाला म्हणून अख्खी रिम २० मिलिमीटर बाहेर सरकली. बेरीज करा, बाहेर ५२, आत १२. चाकाची कड दोन इंच बाहेर! मडगार्डमध्ये एवढी जागा कुठल्याच हॅचबॅकला नसते. दुकानात पैसे देण्याआधी हे गणित मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करा, दोन मिनिटं लागतात.

आता लूक पाहिजेच असेल, आणि मला पण पाहिजे असतो, तर रेंजची वरची टोकं वापरा. १८५/६५ आर१५ वाल्या गाडीला १९५/५५ आर१६ घ्या, उंची ६२०.९, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा फरक, आणि रिम १६ गुणिले ७जे. ७ ही त्या टायरची शेवटची मर्यादा आहे म्हणून साइडवॉल किंचित आत झुकलेली दिसते, रिमची लिप म्हणजे बाहेरची कड उठून दिसते. फक्त साधा १९५/५५ आर१६ ८७ चा येतो आणि मूळ ८८ चा होता, त्यामुळे एक्सएल ९१ वाला शोधा. टायरच्या खांद्याचा आकारही बघा, काही कंपन्यांचे खांदे गोल असतात काहींचे चौकोनी, त्याच साइजमध्ये गोल खांद्याचा टायर जास्त ताणल्यासारखा दिसतो. फुकटचा स्ट्रेच. ऑफसेट दहा-बारा मिलिमीटर कमी घ्या, बस्स, चाक मडगार्डला लागून छान दिसतं. हे सेटअप बघून ग्रुपवरचे दोघं-तिघं म्हणतील 'अरे हे तर स्टॉकच (कंपनीचंच) वाटतंय', म्हणू देत.

बसवताना स्वतः उभे राहा. बीड बसत नसेल तर काही दुकानांत रिममध्ये डिओ किंवा पेट्रोल मारून काडी लावतात, भप्प होऊन टायर बसतो, पोरं व्हिडिओ काढतात. असलं काही दिसलं तर चाक उचलून घरी या. आतलं रबराचं अस्तर भाजतं, जळायचा राहिलेला वायू आत कोंडून राहतो, आणि हे करणाऱ्यांचे चेहरे भाजलेले आहेत. चांगल्या दुकानात हवेची टाकी असते, व्हॉल्व्ह उघडला की एका झटक्यात हवा सोडते, साबणाची पेस्ट लावतात, आणि होतं काम. टायरवर बारीक अक्षरात बऱ्याचदा लिहिलेलं असतं की बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. रेंजमधला टायर त्याच्या आत टक् टक् असे दोन आवाज काढून बसतो. ५० मारूनही बसत नसेल तर तो टायर तुम्हाला काहीतरी सांगतोय.

हब रिंग (रिमचं मधलं भोक आणि हब यांतली फट भरणारी रिंग) टाकून घ्या, नट टॉर्क पान्याने कसून घ्या आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत कसा. अलाइनमेंट-बॅलन्सिंग तर करालच. मग चार मित्रांना मागेपुढे बसवा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, रिव्हर्समध्ये सुद्धा, आणि सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून न्या. घासल्याचा आवाज आला तर आतलं प्लास्टिक कापत बसू नका, ऑफसेट चुकलाय.

आधीच ताणलेले लावून बसला असाल तर

बदलेपर्यंत एवढं करा. गार टायरमध्ये आठवड्याला हवा बघा, घरचा गेज ठेवा, पंपावरचे गेज काय दाखवतील नेम नाही. स्टिकरवरच्या दाबाच्या खाली एक पीएसआय पण जाऊ देऊ नका. टायर आणि रिम दोन्हीवर मिळून खडूची एक सरळ रेघ मारा, आठवड्याने बघा, रेघ तुटून सरकली असेल तर टायर रिमवर घसरतोय म्हणजे पकड गेलेली आहे. साबणाचं पाणी बीडच्या कडेने फिरवा, बुडबुडे शोधा. हात आत घालून आतल्या कडेचा ट्रेड चाचपा, बाहेरून बघून काही कळत नाही.

लांब जायचं असेल तर मूळ चाकं चढवा. शोला किंवा मीटला जायचं तेव्हा ती अलॉय लावा, ट्रेलर नसेल तर हळू चालवत जा, तसले दोन सेट ठेवणारे बरेच जण आहेत आणि त्यांच्या रिम पण जास्त टिकतात. स्टेपनी मूळ साइजची असेल आणि बाकी चाकं बुटकी, तर पुढच्या चाकाला पंक्चर झाल्यावर स्टेपनी पुढे लावू नका. बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, दोन्ही चाकांची उंची वेगळी असली की गिअरबॉक्समधला डिफरन्शियल सरळ रस्त्यावर पण फिरत बसतो. मागचं चाक काढून पुढे, स्टेपनी मागे. पावसात दोन चाकं काढावी लागतात, मी काढलीयेत, खेड शिवापूरच्या पुढे, तो पंक्चरवाला छत्री धरून उभा होता आणि मधूनमधून हसत होता.

आणि एकदा ताणून वापरलेला टायर परत साध्या रिमवर बसवून घरच्या दुसऱ्या गाडीला लावू नका. बीडचा आकार बदललेला असतो, साइडवॉलमध्ये आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. मला एकाने माझे चार फुकट मागितले होते, 'ट्रेड तर नव्वद टक्के आहे की रे' म्हणून. दिले नाहीत. दोन कुंडीखाली आहेत, एक मुलांनी झोका केलाय, आणि ज्याने मला साताऱ्याच्या वाटेवर उतरवलं तो चौथा गॅलरीत पडून आहे.